प्रतिपिंडाची पारख : ई६एपी या विकराच्या अभ्यासाची प्रस्तावना

पेशीत प्रथिने तयार कशी होतात हे शालेय पुस्तकांपासून शिकवले जाते. ती मोडीत कशी काढली जातात, हा भाग मात्र बहुतेक अभ्यासक्रमांत एखाद्या परिच्छेदात आटोपतो. वास्तविक पेशीचे आरोग्य या दुसऱ्या कामावरही तितकेच अवलंबून असते, कारण विभाजनाचा इशारा देणारे प्रथिन काम संपल्यावरही टिकून राहिले तर पेशी बेसुमार वाढते आणि तिला आवर घालणारे प्रथिन अकाली नष्ट झाले तरी परिणाम तोच होतो. कोणते प्रथिन कधी नष्ट व्हावे याची निवड करणारी शेकडो विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, मानवी पेशीत असतात आणि ई६एपी हे त्यांपैकी एक होय. हे विकर पेशीत किती आहे, कुठे आहे आणि कोणत्या प्रथिनाशी जोडलेले आहे, हे शोधण्यासाठी जी संशोधन-प्रतिपिंडे वापरली जातात, ती प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहेत. विषय वरवर पाहता अतिशय अरुंद वाटतो; परंतु या एका विकराच्या आणि त्याच्या प्रतिपिंडांच्या वाटेने गेल्यास पेशीविज्ञान, कर्करोग, मेंदूचे आजार आणि प्रयोगशाळेतील पुराव्याची विश्वासार्हता हे चारही प्रदेश ओलांडावे लागतात.

प्रतिपिंड म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला नेमके ओळखून चिकटणारे प्रथिन. त्याचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असून त्यात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात, आणि दोन्ही भुजांच्या टोकांशी असलेल्या खोबणीत जो आकार बसतो त्या आकाराला, म्हणजे परक्या रेणूच्या पृष्ठावरील एका लहानशा भागाला, एपिटोप म्हणतात. शरीर हे काम रोगप्रतिकारासाठी करते. संशोधक त्याच गुणाचा उपयोग हजारो प्रथिनांच्या गर्दीतून एकच प्रथिन हुडकण्यासाठी करतो. ई६एपीचा एखादा तुकडा सशाला टोचला की सशाच्या रक्तात त्या तुकड्याला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती वेगळी काढून त्यांवर रंग किंवा प्रकाश देणारी खूण जोडली की मानवी पेशींतील ई६एपी डोळ्यांना दिसू लागते. सगळी मदार अर्थातच त्या प्रतिपिंडाने ई६एपीलाच चिकटण्यावर असते, आणि या ग्रंथाची सगळी तळमळ त्या एका अटीभोवती आहे.

प्रथिनांच्या विघटनाचा अभ्यास उशिरा सुरू झाला, कारण शरीरातील प्रथिने एकदा बनली की झिजेपर्यंत टिकतात असा समज दीर्घकाळ होता. रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायट्रोजनच्या जड समस्थानिकाने खूण केलेली अमिनो आम्ले प्राण्यांना खाऊ घालून दाखवले की शरीरातील प्रथिने सतत मोडत आणि पुन्हा घडत असतात. १९५३ मध्ये सिम्पसन यांच्या यकृतावरील प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली, ती म्हणजे प्रथिने मोडण्यासाठीही पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. मोडतोड ही आपोआप घडणारी क्रिया असेल तर ऊर्जा कशाला, हा प्रश्न त्यानंतर पंचवीस वर्षे अनुत्तरित राहिला. १९५५ मध्ये क्रिस्तियाँ द द्यूव यांनी लयकारिका शोधल्या आणि पाचक विकरांनी भरलेल्या या पिशव्यांतच सगळी प्रथिने नष्ट होत असावीत असे मानले जाऊ लागले. हे उत्तर अपुरे असल्याचे अपक्व तांबड्या रक्तपेशींनी दाखवले. त्यांच्यात लयकारिका नसतात, तरीही सदोष हिमोग्लोबिन त्या झपाट्याने मोडतात आणि त्यासाठी ऊर्जाही वापरतात, असे आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्या गटाने १९७७ मध्ये सिद्ध केले.

इस्रायलमधील हैफा येथे अव्राम हर्श्को आणि आरॉन चिखानोव्हर यांनी, आणि त्यांच्यासह अमेरिकेतील अर्विन रोझ यांनी, सशाच्या याच अपक्व रक्तपेशींचा अर्क टप्प्याटप्प्याने उलगडला. या अर्कात उष्णतेनेही न बिघडणारे एक लहान प्रथिन सापडले आणि ते १९७५ मध्येच वेगळे केले गेलेले, ७६ अमिनो आम्लांचे युबिक्विटिन असल्याचे १९८० मध्ये लक्षात आले. नष्ट करायच्या प्रथिनावर युबिक्विटिनची साखळी जोडली जाते आणि अशी खूण असलेले प्रथिन प्रोटिअसोम या नळकांड्यासारख्या यंत्रणेत ओढून तुकडे केले जाते. सिम्पसन यांच्या कोड्याचे उत्तरही येथेच मिळाले : ऊर्जा खूण करण्यासाठी आणि घडी घातलेले प्रथिन उलगडून नळीत ढकलण्यासाठी लागते. जोडणीचे काम तीन विकरे क्रमाने करतात. ई१ युबिक्विटिनला ऊर्जा देऊन सज्ज करते, ई२ ते वाहून नेते आणि ई३, ज्याला लायगेज म्हणजे जोडणारे विकर म्हणतात, ते नेमक्या बळीच्या अंगावर बसवते. मानवी पेशीत ई१ प्रकारची केवळ दोन विकरे आहेत, ई२ प्रकारची चाळीसच्या आसपास, तर ई३ प्रकारची सहाशेहून अधिक. निवडीची खरी सत्ता कोणाकडे आहे, ते या आकड्यांवरून स्पष्ट होते. या शोधासाठी तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्षेत्रात स्थूलमानाने तीन परंपरा दिसतात. हैफाची परंपरा पेशी फोडून तिच्या अर्कातील घटक सुटे करून पाहणाऱ्या जीवरसायनज्ञांची आहे. दुसरी परंपरा अलेक्झांडर वर्शाव्हस्की यांच्यासारख्या जनुकशास्त्रज्ञांची असून, यीस्ट आणि सस्तन पेशींत एकेक जनुक बिघडवून जिवंत पेशीचे काय होते हे तिने दाखवले आणि परीक्षानळीतील निष्कर्षांना जिवंत आधार दिला. तिसरी परंपरा प्रोटिअसोमची रचना आणि त्यावरील औषधे शोधणाऱ्यांची आहे, आणि तिचे सर्वांत दृश्य फळ म्हणजे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर २००३ पासून वापरले जाणारे बोर्टेझोमिब. लयकारिकांच्या वाटेने होणाऱ्या स्वभक्षणाचा अभ्यास योशिनोरी ओसुमी यांनी वेगळा वाढवला, ज्याला २०१६ चे नोबेल मिळाले. तो या ग्रंथाच्या कक्षेबाहेर आहे. तिन्ही परंपरांना प्रतिपिंडांची साथ मात्र सुरुवातीपासून लागली. जिवंत पेशींत युबिक्विटिन जोडलेली प्रथिने सतत तयार होतात आणि मोडतात, हे हर्श्को यांच्या गटाने १९८२ मध्ये युबिक्विटिनविरोधी प्रतिपिंडांनीच दाखवले, आणि पुढे युबिक्विटिनच्या साखळ्यांचे वेगवेगळे प्रकार ओळखणारी प्रतिपिंडे आल्यावरच कोणती साखळी मृत्यूची आणि कोणती निव्वळ संदेशाची, हे पेशीतल्या पेशीत वेगळे करता येऊ लागले.

ई६एपीची कथा गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून सुरू होते. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. हा विषाणू ई६ नावाचे एक छोटे प्रथिन बनवतो आणि पी५३ हे पेशीचे रक्षक प्रथिन, जे बिघडलेल्या पेशीला थांबवते किंवा मरायला लावते, त्यामुळे नाहीसे होते, असे १९९० मध्ये दिसून आले. ई६ स्वतः काहीच मोडत नाही. ते पेशीतल्याच एका विकराला हाताशी धरते. पीटर हाउली यांच्या प्रयोगशाळेत जॉन हायब्रेग्त्सा आणि मार्टिन शेफनर यांनी हे सुमारे १०० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन पकडले आणि ई६चे साथीदार प्रथिन या अर्थाने त्याला ई६एपी हे नाव मिळाले. १९९३ मध्ये ते युबिक्विटिन लायगेज असल्याचे सिद्ध झाले आणि १९९५ मध्ये त्याच्यासारख्या विकरांचे अख्खे कुटुंब ओळखले गेले, ज्याला हेक्ट कुटुंब म्हणतात. या कुटुंबाचे वैशिष्ट्य असे की युबिक्विटिन आधी विकराच्या स्वतःच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर घेतले जाते आणि मग बळीला दिले जाते; बहुसंख्य ई३ विकरे अशी देवघेव करत नाहीत, ती केवळ ई२ला आणि बळीला जवळ आणतात.

मराठी वाचकाला हा विषाणू दूरचा नाही. भारतात दरवर्षी लाखाहून अधिक स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, आणि या रोगाच्या तपासणीविषयी जगभर आधारभूत मानला जाणारा एक अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये मांडले, तेव्हा विषाणूच्या एकाच चाचणीने प्रगत कर्करोग आणि मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. त्या विषाणूने पेशीत शिरून ज्या विकराला वेठीला धरलेले असते ते विकर ई६एपी होय, आणि या ग्रंथाचा विषय उस्मानाबादच्या त्या स्त्रियांच्या आजाराशी इतका थेट जोडलेला आहे, हे नोंदवणे अगत्याचे वाटते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या विषाणूविरुद्धची लस २०२२ मध्ये मंजूर झाली; लस संसर्ग रोखते, पण संसर्ग होऊन गेलेल्या पेशीत ई६ आणि ई६एपी यांची जोडी कशी तोडायची, हा प्रश्न औषधसंशोधनापुढे अद्याप उभा आहे.

याच विकराची दुसरी बाजू मेंदूत दिसते. ई६एपी बनवणारे यूबीई३ए हे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर असून, मेंदूच्या चेतापेशींत त्याची आईकडून आलेली प्रत चालू आणि वडिलांकडून आलेली बंद असते. आईकडची प्रत हरवली किंवा बिघडली तर एंजलमन सिंड्रोम होतो, ज्यात मूल बोलू शकत नाही, चालताना तोल जातो आणि आकडी येते. या आजाराचे वर्णन हॅरी एंजलमन यांनी १९६५ मध्ये केले आणि त्याचे मूळ या जनुकात असल्याचे १९९७ मध्ये उमगले. उलट गुणसूत्राचा हाच भाग आईकडून दुपटीने आला तर ऑटिझमची लक्षणे दिसतात. विकर कमी झाले तरी अपाय आणि जास्त झाले तरी अपाय असल्यामुळे त्याचे प्रमाण अचूक मोजणे ही हौस उरत नाही, आणि मोजण्याचे साधन म्हणून पुन्हा प्रतिपिंडाकडेच यावे लागते. वडिलांकडची बंद प्रत जागी करू पाहणाऱ्या उपचारांचे यश ठरवतानाही, विकर खरोखर परत आले की नाही, हे प्राण्यांच्या मेंदूत अशाच प्रतिपिंडांनी पाहिले जाते.

प्रतिपिंडांचा स्वतःचा इतिहास यापेक्षा जुना आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा पिंपरी-चिंचवडमधून जातो. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषांविरुद्ध प्राण्यांचे सीरम वापरून दाखवले, आणि काही वर्षांतच काल्मेट यांनी सर्पविषावर तोच उपाय योजला. मुंबईत प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली. १८९९ मध्ये परळला आलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले आणि पुढे तेथे सर्पविषरोधी सीरमही बनू लागले. या परंपरेतून निघालेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या पिंपरी येथील आवारात घोडे ठेवून प्रतिविष बनवले जाते. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचल्या जातात, त्याच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे काढली जातात आणि पेप्सिन या विकराने त्यांचे शेपूट तोडून केवळ चिकटणाऱ्या भुजा कुपीत भरल्या जातात. याच पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन बनवले आणि हॅमायसिनसारखे नवे बुरशीनाशक मातीतील जिवाणूंतून शोधले. त्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव देऊन संशोधकांनी या गावाची शास्त्रीय नोंद करून ठेवली. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली, जिच्या दैनंदिन कामात प्रतिपिंड हीच निदानाची मुख्य खूण असते.

प्रतिविषाच्या कुपीतील एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधणे आवश्यक आहे. भारतीय मानकाप्रमाणे बहुविषरोधी सीरमच्या १ मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे ०.४५, घोणसाचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे, आणि ते होते की नाही हे उंदरांवर पाहिल्याशिवाय माल बाहेर जात नाही. म्हणजे येथे प्रतिपिंडाची ताकद आकड्यांत ठरलेली आहे, ती तपासण्याची पद्धत ठरलेली आहे आणि जबाबदारही ठरलेला आहे. तरीही अडचण उरते. देशातील उत्पादकांना लागणाऱ्या विषाचा मोठा भाग १९७८ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतो, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे दक्षिणेच्या विषावर तयार झालेले प्रतिपिंड अन्य प्रदेशांतील दंशावर तितकेच प्रभावी ठरेलच असे नाही. प्रतिपिंड कशावर तयार केले आणि कशावर वापरले यांतील अंतर रुग्णाच्या खाटेपाशी उघडे पडते. प्रयोगशाळेत तेच अंतर कुणाच्या लक्षात न येता वर्षानुवर्षे राहू शकते.

घोड्याच्या किंवा सशाच्या सीरममध्ये अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते, आणि तो प्राणी गेला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडून हायब्रिडोमा तयार केला, आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड, म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंड, हवे तितके मिळू लागले. तिसरा टप्पा पुनःसंयोजित प्रतिपिंडांचा आहे, ज्यात प्रतिपिंडाचा जनुकीय आराखडाच लिहून ठेवला जातो आणि कोणत्याही योग्य पेशीत टाकून ते पुन्हा जसेच्या तसे बनवता येते. हायब्रिडोमाच्या पेशी कालांतराने बदलतात किंवा मरतात, लिहून ठेवलेला आराखडा बदलत नाही. औषधनिर्मितीत हा टप्पा केव्हाच रुळला आहे. चाकणला अल्केम समूहातील एन्झीन बायोसायन्सेस ही कंपनी सस्तन पेशी अखंड वाढवत ठेवण्याच्या पद्धतीने मोनोक्लोनल प्रतिपिंडांची औषधे बनवते. परंतु याच पट्ट्यातील आणि पुण्यातील संशोधन प्रयोगशाळांना आपल्या प्रयोगांसाठी लागणारी प्रतिपिंडे बहुतांशी परदेशातून मागवावी लागतात. बर्फाच्या पिशव्यांत येणाऱ्या त्या इवल्या कुपीवर केवळ संशोधनासाठी, एवढेच बंधन छापलेले असते आणि प्रतिविषाच्या कुपीवर असते तशी कोणतीही सार्वजनिक कसोटी तिच्यामागे उभी नसते.

या उणिवेची किंमत मोठी आहे. अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी २०१५ मध्ये शंभराहून अधिक सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने नेचर नियतकालिकात मागणी केली की संशोधन-प्रतिपिंडांची ओळख त्यांच्या जनुकीय आराखड्याने ठरावी. पुढील वर्षी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पडताळणीचे पाच मार्ग सांगितले : लक्ष्य प्रथिनाचे जनुक काढून पाहणे, प्रतिपिंडावर अवलंबून नसलेल्या पद्धतीने तेच प्रमाण मोजून पाहणे, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटणारे स्वतंत्र प्रतिपिंड वापरणे, खूण जोडलेले प्रथिन पेशीत मुद्दाम बनवणे, आणि प्रतिपिंडाने ओढून आणलेला माल वस्तुमान वर्णपटाने तपासणे. मॉन्ट्रियलच्या वायकॅरॉस गटाने २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची एकाच शिस्तीने परीक्षा घेतली, तेव्हा अनेक प्रतिपिंडे आपले लक्ष्य ओळखतच नव्हती आणि अशा निकामी प्रतिपिंडांवर आधारलेले शोधनिबंध मोठ्या संख्येने सापडले. पुनःसंयोजित प्रतिपिंडे एकंदरीत सरस ठरली. या पाच मार्गांत पहिला मार्ग प्रस्तुत ग्रंथाने श्रेष्ठ मानला आहे, आणि ते योग्यच आहे.

चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत भोकाचा व्यास तपासणाऱ्या प्लग गेजला दोन टोके असतात. 'गो' टोक आत गेलेच पाहिजे, 'नो-गो' टोक जाता कामा नये, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय नग पास होत नाही. प्रतिपिंडाच्या बाबतीत अनेक प्रयोगशाळा पहिल्याच टोकावर थांबतात. ई६एपीचे उदाहरण घेतल्यास, हेला किंवा सिहा या गर्भाशयमुखाच्या पेशींचा अर्क जेलवर चालवून त्यातील प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी केली जातात, ती पातळ पटलावर उतरवली जातात, रिकाम्या जागा दुधाच्या भुकटीच्या पाच टक्के द्रावणाने झाकल्या जातात आणि हजारपट विरळ केलेल्या प्रतिपिंडात ते पटल रात्रभर चार अंश तापमानाला हलते ठेवले जाते. सकाळी दुय्यम प्रतिपिंड आणि प्रकाश देणारे रसायन घातल्यावर १०० किलोडाल्टनपाशी ठळक पट्टा उमटला की समाधान मानले जाते. पण त्या वजनाची इतर प्रथिनेही पेशीत असतात, आणि हेक्ट कुटुंबातील २८ मानवी विकरांचा शेपटाकडील भाग परस्परांशी इतका मिळताजुळता आहे की त्या भागावर तयार केलेले प्रतिपिंड भावंडांनाही चिकटू शकते. यूबीई३ए जनुक काढून टाकलेल्या पेशींचा अर्क शेजारच्या रकान्यात चालवला आणि तेथे तो पट्टा नाहीसा झाला, तरच तो ई६एपीचा म्हणता येतो. असा पुरावा मिळाल्यावरही वाचन सावधपणे करावे लागते, कारण ई६च्या संगतीत ई६एपी स्वतःवरही युबिक्विटिन जोडून घेते आणि स्वतःच नष्ट होऊ लागते. म्हणून विषाणूग्रस्त पेशीत फिका पट्टा दिसला तर विकर कमी बनते आहे की अधिक मोडते आहे, हे प्रोटिअसोम रोखून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय पट्टा प्रमाण सांगतो, कार्यक्षमता सांगत नाही. क्रियाशील सिस्टीन बदललेले निष्क्रिय विकरही तितकाच ठळक पट्टा देते.

पेशी-अर्कावर उत्तीर्ण झालेले प्रतिपिंड फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीच्या कापावरही चालेल, असे गृहीत धरता येत नाही. अर्कात प्रथिन उलगडलेले असते, ऊतीत ते घडीसकट आणि रसायनाने जखडलेले असते, त्यामुळे एका ठिकाणी उघडा असलेला एपिटोप दुसरीकडे झाकला जातो. रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाशी मिळून काम करणाऱ्यांना हा फरक विशेष जाचतो, आणि त्यावर ग्रंथात दिलेली जागा त्या मानाने अधिकच आहे, हे स्वागतार्ह आहे.

हा विषय आज निकडीचा होण्याचे कारण औषधशास्त्रातील वळणात आहे. क्रेग क्रूज आणि रेमंड डेशे यांनी २००१ मध्ये असा दुतोंडी रेणू मांडला की ज्याचे एक टोक ई३ विकराला धरते आणि दुसरे रोगकारक प्रथिनाला, म्हणजे विकराच्या तावडीत नको असलेले प्रथिन आणून सोडता येते. थॅलिडोमाइड हे कुप्रसिद्ध औषध पेशीतील सेरेब्लॉन या ई३ घटकाला चिकटते, हे २०१० मध्ये कळल्यावर या विचाराला औषधनिर्मितीची दिशा मिळाली. अशा औषधाचा परिणाम म्हणजे एखादे प्रथिन नाहीसे होणे, आणि नाहीसे झाल्याचा पहिला पुरावा बहुधा प्रतिपिंडानेच दिला जातो. चुकीच्या प्रतिपिंडावर विसंबलेली कंपनी जे प्रथिन मुळात दिसतच नव्हते त्याच्या अनुपस्थितीला यश समजू शकते. पुण्यातही हे क्षेत्र परके राहिलेले नाही. गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मानस सांत्रा यांचा गट ई३ संकुलांतील एफ-बॉक्स प्रथिनांवर काम करतो. एफबीएक्सओ३१ हे प्रथिन विभाजनाला चालना देणाऱ्या सायक्लिन डी१ला विघटनाकडे नेऊन बिघडलेल्या पेशीला थांबवते, हा त्यांचा नेचरमधील २००९ चा निबंध या शाखेत सर्वपरिचित आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत प्रसन्ना वेंकटरामन यांच्या गटाने प्रोटिअसोमच्या साहाय्यक प्रथिनांचा अभ्यास केला आहे. ताथवडे, आकुर्डी, हिंजवडी या भागांतील जैवतंत्रज्ञानाच्या महाविद्यालयांतून आणि कंपन्यांतून बाहेर पडणारे तरुण हेच काम उद्या हाती घेणार आहेत, आणि त्यांच्यातील बहुतेकांनी प्रतिपिंड म्हणजे सूचीतून क्रमांक पाहून मागवायची वस्तू, एवढेच शिकलेले असते.

प्रस्तुत ग्रंथ या वाचकांसाठी आहे. त्याचा आग्रह असा की प्रतिपिंडाची पारख हा प्रयोगाआधीचा कंटाळवाणा सोपस्कार नसून प्रयोगाचाच भाग आहे, आणि ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर सोडता येत नाही, कारण माहितीपत्रकातील चाचणी दुसऱ्याच्या पेशींवर, दुसऱ्याच्या पद्धतीने आणि बहुधा आधीच्या लॉटवर झालेली असते. जनुक काढलेल्या पेशी मिळवणे सर्वांना परवडणारे नाही, ही अडचण ग्रंथाने टाळलेली नाही. त्यासाठी आरएनए-हस्तक्षेपाने विकराचे प्रमाण तात्पुरते घटवणे, जिवाणूंत बनवलेले शुद्ध ई६एपी शेजारच्या रकान्यात चालवणे, वेगवेगळ्या एपिटोपांची दोन प्रतिपिंडे लावून निकाल जुळतात का ते पाहणे, असे जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही जमतील असे मार्ग सुचवले आहेत, आणि त्यांतला प्रत्येक मार्ग कोठे फसतो तेही सांगितले आहे. आरएनए-हस्तक्षेपाने पट्टा फिका होणे आणि पूर्ण नाहीसा होणे यांत पुराव्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, हे त्यात झाकून ठेवलेले नाही.

औषध म्हणून दिली जाणारी प्रतिपिंडे, त्यांचे उत्पादन आणि परवाने हा विस्तीर्ण प्रांत ग्रंथाने बाजूला ठेवला आहे; पिंपरीचे घोडे आणि चाकणचे जैवभट्टीघर यांचा उल्लेख या प्रस्तावनेत आला तो संशोधन-प्रतिपिंडांना नसलेली कसोटी औषध-प्रतिपिंडांना कशी आहे, एवढे दाखवण्यापुरता. तसेच अमुक कंपनीचे अमुक प्रतिपिंड घ्यावे, अशी शिफारस ग्रंथात कुठेही नाही. सशाच्या सीरमपासून बनलेले प्रतिपिंड पुढच्या लॉटमध्ये वेगळे निघते आणि हायब्रिडोमा बदलतो, तेव्हा छापील शिफारस पुस्तक विकले जाण्याआधीच शिळी होण्याची शक्यता असते. त्याऐवजी नव्या कुपीची नोंद कशी ठेवावी याचा एक नमुना परिशिष्टात दिला आहे, ज्यात क्लोन, लॉट, एपिटोपची जागा, कोणत्या पेशींवर आणि कोणत्या पद्धतीत तपासले, नकारात्मक नियंत्रण कोणते होते आणि कुपी किती वेळा गोठवून वितळवली, यांसाठी रकाने आहेत. नकारात्मक नियंत्रणाचा रकाना रिकामा असेल तर त्या प्रतिपिंडाने मिळालेला निकाल शोधनिबंधात घालू नये, अशी स्पष्ट सूचना त्याखाली छापलेली आहे.